वकिलातीच्या गच्चीवरचा माड

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला आमच्या रत्नागिरीत पहिला प्रश्न विचारतात तो असा : "तिथं मासळी मिळते काय?" विमान कसं होतं, माणसं कशी होती, हे सगळं मागाहून. मासळी मिळत नसेल तर त्या देशाबद्दल पुढं काही विचारण्यात लोकांना रस नसतो. मी आखातातून परत आलो तेव्हा मलाही शेजारच्या दादांनी हेच विचारलं आणि मी म्हटलं, "भरपूर मिळते. पण मी खाल्ली नाही." दादांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला वेड लागलं होतं.

ती का खाल्ली नाही, हे सांगायचं तर सगळा प्रवासच सांगावा लागेल.

काळ ऐंशीच्या दशकाच्या मधला. मी सरकारी बांधकाम खात्यात होतो. नोकरी दिल्लीत, घर रत्नागिरीजवळ भाट्याला. परदेशातल्या आपल्या वकिलातींच्या इमारती धड आहेत की नाहीत हे पाहून यायला खात्यातून अधूनमधून निरीक्षक पाठवत. बहुतेक वेळा ही चैन वरच्या साहेबांच्या वाट्याला यायची. त्या वर्षी ठिकाण आखातातलं होतं, ऊन कडक होतं आणि बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून 'सुर्वे' हे माझं नाव पुढं आलं. त्या शहराचं नाव मी लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहितोय ती माणसं अजून कुठंकुठं नोकरीत असतील.

निघताना आईने लाडवांचा डबा दिला आणि वडलांनी एकच वाक्य सांगितलं, "कामाच्या ठिकाणी कुणाचं मिंधं होऊ नको." ते सांगायची गरज नव्हती. आमच्या खात्यात ज्यांच्या हाताखाली मी तयार झालो त्यांनी पहिल्याच आठवड्यात घोटवून घेतलं होतं : ज्याच्या इमारतीची तपासणी करायची त्याच्याकडचा चहासुद्धा घ्यायचा नाही. अहवाल दिल्लीत दाखल होईपर्यंत नाही. नोकरीत मी दुसरं काही पाळलं असेल-नसेल, हे पाळलं.

गच्ची

वकिलात एका जुन्या भाड्याच्या इमारतीत होती. खाली कचेरी, वर अधिकाऱ्यांच्या खोल्या आणि त्याच्यावर सपाट गच्ची. गच्चीवर नंतर बांधलेल्या दोन खोल्या. एकीत वकिलातीचा स्वयंपाकी राहायचा आणि दुसरीत, सरकारी भाषेत सांगायचं तर, 'अडचणीतले भारतीय नागरिक'. म्हणजे ज्यांचा मालक पळून गेला आहे, ज्यांचा पासपोर्ट कुणीतरी दाबून ठेवला आहे, असे गवंडी, सुतार, ड्रायव्हर. त्यांची परत जायची सोय होईपर्यंत ते तिथं पथाऱ्या टाकून राहात. मी गेलो तेव्हा पाच-सहा जण होते. त्यात संगमेश्वरकडचा एक सखाराम म्हणून सुतार होता.

मला बोलावण्याचं कारणही ही गच्चीच. तिच्याखाली सेक्रेटरीसाहेबांची खोली होती आणि तिच्या छताचा गिलावा ओला होऊन गळून पडत होता. साहेब दिल्लीचे, गोरेपान, बोलायला अतिशय गोड. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "वर एवढी माणसं राहतात, भांडी घासतात, अंघोळी करतात. ते पाणी झिरपतंय. दोन्ही खोल्या पाडून टाका असं तुम्ही लिहा, म्हणजे प्रश्न मिटला."

"आणि ती माणसं?" मी विचारलं.

"ती जातील कुठंतरी," साहेब म्हणाले.

कुठं, ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीचं ऊन होतं आणि ज्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत त्यांना तिथले पोलीस रस्त्यावरून उचलत. गच्चीवरच्या त्या खोल्या गेल्या असत्या तर त्यांना आसरा म्हणून काही राहिलं नसतं.

मी वर गेलो आणि पहिलंच वाक्य जे बोललो त्याने माझी शोभा झाली. चारी बाजूंनी फिरून मी म्हटलं, "पावसाचं पाणी जायला पन्हळ कुठाय?" वकिलातीतले दोघे कारकून हसायला लागले. तिथं पाऊस वर्षातून एखाद्या दिवशी पडतो, तोही अंगावर शिंतोडे उडवून जातो. पण रत्नागिरीच्या माणसाला छप्पर दिसलं की डोळे आधी पागोळ्या शोधतात. त्याला इलाज नाही.

तेवढ्यात खोलीच्या दारातून कोणीतरी म्हणालं, "हसू नका रे. तो कोकनातला हाय. त्याला ठावं पानी काय असतां तां."

साठीकडे झुकलेला काळा, काटक माणूस. कमरेला लुंगी, डोक्यावर जाळीची टोपी, हातात विळी. हे इब्राहीमभाई, वकिलातीचे स्वयंपाकी. घर रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात, ऐन जेटीच्या मागं. मी भाट्याचा म्हटल्यावर त्यांनी विळी खाली ठेवली आणि माझा हात धरून मला गच्चीच्या कोपऱ्यात नेलं.

"ह्याला वळखलाव काय?"

पत्र्याच्या एका कापलेल्या पिंपात माडाचं रोप होतं. पुरुषभर उंच, चुडतं, म्हणजे झावळ्या, हिरव्यागार.

"तुमच्या भाट्यातला हाय. नारळ केंद्रातनं आनलेला. मांडीवर घेवन विमानात बसलंव. ती विमानातली पोरगी बोलली, चाचा, हा काय? मी बोललंव, ह्यो माजा झील, माजा पोरगा."

आजूबाजूला धूळ, तापलेलं काँक्रीट, पाण्याच्या टाक्या. आणि मधे हा भाट्याचा माड. मला एकदम भडभडून आलं. घर सोडून आठवडासुद्धा झाला नव्हता, पण आलं खरं.

"चला, जेवाक बसा," इब्राहीमभाई म्हणाले. "सुरमय हाय."

मी नाही म्हटलं. माझं जेवण हॉटेलात होतं, असंही म्हटलं. त्यांनी फार आग्रह केला नाही. पहिल्या दिवशी संकोच असतो, असं त्यांना वाटलं असावं.

मासळीबाजार

शुक्रवारी तिथं सुट्टी. त्या दिवशी मी एकटाच मासळीबाजार पाहायला गेलो. बाजार कसला, फरशी घातलेली मोठी चकचकीत शेड. माश्या नाहीत, चिखल नाही, आणि सगळ्यात नवल म्हणजे आरडाओरडा नाही. मासे वजनावर. आपल्याकडे कोळणीने वाटा लावायचा, आपण नाक मुरडून दोन पावलं पुढं जायचं, तिने आपल्या सात पिढ्यांच्या दारिद्र्याचा उद्धार करून परत बोलवायचं आणि मग वर एक बांगडा टाकून द्यायचा, हा जो सोहळा असतो तो तिथं नव्हता. काटा दाखवतो तेवढं घ्यायचं. मिरकरवाड्याच्या बायकांना तिथं नेलं तर पहिल्या तासाला त्या गुदमरतील.

सुरमई मात्र अशी, की आपली सुरमई तिच्यापुढं पोर वाटावी. मी नुसता बघत उभा होतो, तर मागून इब्राहीमभाईंचा आवाज आला. ते खरेदीला आले होते. "बगताव काय नुस्ते? सांगा, कुठला घेवू तुमच्यासाठी?"

मी पुन्हा नाही म्हटलं. यावेळी त्यांचा चेहरा जरा उतरला.

हॉटेलात माझं काय चाललं होतं तेही सांगतो. सकाळी उकडलेल्या घेवड्यासारख्या कडधान्याचा लगदा आणि केवढीतरी मोठी भाकरी, आपल्या चुलीवरच्या भाकरीसारखी दिसणारी पण चवीला कागद. दुपारी तेच. रात्री लाडू. चहा बिनदुधाचा, काचेच्या एवढ्याशा पेल्यात. तो मात्र मला आवडायला लागला. सेक्रेटरीसाहेबांनी दोनदा घरी जेवायला बोलावलं, तिथंही मी गेलो नाही. त्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. त्यांच्याकडे रोज कोणी ना कोणी जेवायला असेच.

खडूची रेघ

ओल कुठून येते हे शोधायची आमची जुनी रीत आहे. छतावर जिथवर ओल पसरली आहे तिच्या कडेने खडूने रेघ मारायची. मग वरचा पाण्याचा एकेक उगम बंद करायचा आणि बघत बसायचं. डाग रेघेच्या आत सरकला तर चोर सापडला.

पहिल्यांदा मी वरची भांडी घासायची आणि अंघोळीची जागा बंद करायला लावली. सगळे लोक खालच्या नळावर जायला लागले. सेक्रेटरीसाहेब खूश झाले. पण डाग रेघेवरून हलेना. साहेबांची खुशी मावळली. टाकीची नळी बदलून पाहिली, तरी हलेना.

आता गच्चीवर पाण्याची एकच जागा उरली होती. ती मला पहिल्यापासून दिसत होती, पण बघवत नव्हती.

इब्राहीमभाई माडाला रोज घागरभर पाणी घालत. तांदूळ धुतलेलं, मासळी धुतलेलं, सगळं त्या पिंपात. कोकणात माड परसात असतो. पाणी घाला, ते जमिनीत जाईल, पुढच्या माडाला पोचेल. आपल्याला पाणी कुठं गेलं याचा विचार करायची सवयच नाही. पिंपाच्या तळाला भोक होतं, भोकाखाली काँक्रीट होतं आणि काँक्रीटच्या खाली सेक्रेटरीसाहेबांचा पलंग.

"इब्राहीमभाई," मी म्हटलं, "चार दिवस माडाला पाणी घालू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मरंल तो."

"मरणार नाही. चारच दिवस."

"आनि मग? खोल्या पाडनार?"

"मला ते सांगता येत नाही." खरंच येत नव्हतं. अहवालात काय लिहिणार हे तिथं कुणाला कळू द्यायचं नाही, हाही नियमच होता. मी कितीही चांगलं लिहिलं तरी शेवटचा निर्णय दिल्लीचा. उगाच आशा लावायची आणि मग खोल्या जायच्या, हे मला करायचं नव्हतं.

त्या दिवशीची घागर इब्राहीमभाईंनी आत नेऊन ठेवली. पाणी घालणं त्यांनी बंद केलं. संध्याकाळी ते पिंपाजवळ स्टूल टाकून बसत आणि चुडतांवरची धूळ फडक्याने पुसत. मी खालच्या खोलीत छताकडे मान करून बसे. डाग हळूहळू रेघेच्या आत यायला लागला होता. खोल्यांच्या भिंती मी ठोकून पाहिल्या होत्या, त्या ठणठणीत होत्या. म्हणजे खोल्या वाचवता येण्यासारख्या होत्या. मी आतल्या आत इतका खूश होतो, आणि वर जाऊन ते सांगता येत नव्हतं.

ताट

निघायच्या आदल्या दिवशी मी गच्चीवर शेवटची मोजमापं घेत होतो. दुपारची वेळ. इब्राहीमभाई आतून झाकलेलं ताट घेऊन आले आणि माझ्यासमोर त्यांनी ते ओट्यावर ठेवलं. वरचं झाकण काढलं. भात होता आणि बांगड्यांचं लालभडक सार. तो वास आला आणि माझ्या हातातली टेप खाली पडली. आमच्या भाट्याच्या घराचं मागलं दार, धुराने काळं झालेलं छप्पर, आईची पाठ, सगळं एकदम डोळ्यांपुढं उभं राहिलं. इतके दिवस तो कागद चावून माझं तोंड आंबून गेलं होतं.

"आज तरी नाय बोलू नका," ते म्हणाले. "गाववाले हाव."

सखाराम आणि बाकीचे दारात उभे राहून पाहात होते.

मी म्हटलं, "इब्राहीमभाई, नियम आहे. मला तुमच्याकडचं खाता येत नाही."

मी 'तुमच्याकडचं' म्हणालो तेव्हा माझ्या मनात वकिलात होती. त्यांच्या कानावर ते तसं पडलं नाही.

त्यांनी हातातल्या झाकणाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला म्हायती हायत नियम. ल्हानपनापासनं."

मला समजायला थोडा वेळ लागला. मुसलमानाच्या हातचं म्हणून मी नाही म्हणतोय, असं त्यांनी धरलं होतं. "तसं नाही हो! शप्पथ तसं नाही. मी सेक्रेटरीसाहेबांकडेही जेवलो नाही. विचारा कुणालाही."

"सेक्रेटरी तुमच्या गावचो नाय," ते म्हणाले आणि त्यांनी ताटावर झाकण ठेवलं.

ते ताट उचलून आत गेले. सखारामने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी टेप उचलली आणि मोजमापं पुरी केली, कारण दुसरं काय करणार?

रात्री हॉटेलात बसून मी अहवाल लिहिला. ओलीचं कारण पाण्याचं पिंप. ते गच्चीवरून काढून रोप खाली अंगणात लावावं. वरच्या न्हाणीला फरशी घालून पाणी बाहेर न्यायला नळ बसवावा. दोन्ही खोल्या मजबूत आहेत, पाडण्याचं काहीएक कारण नाही. हे शेवटचं वाक्य मी दोन वेळा लिहिलं, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी. खात्यात असं दोनदा लिहायची पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी निघताना इब्राहीमभाई फाटकापाशी आले. कितीही राग असला तरी गावाकडे जाणाऱ्या माणसाबरोबर काही पाठवल्याशिवाय राहायचं नाही, ही आपल्याकडची रीत. त्यांनी खिडकीतून एक पुडकं आत दिलं.

"घरी द्या. मिरकरवाड्यात कुनाला पन विचारा. खायाचां कायपन नाय ह्यात, कापड हाय. तुमच्या नियमात बसंल."

मी काही म्हणेपर्यंत ते वळले होते.

मिरकरवाडा

दिल्लीत अहवाल दाखल केला आणि मग नेहमीप्रमाणे रजा मिळेना. रत्नागिरीला यायला मे महिना उजाडला. आल्या आल्या पुडकं घेऊन मिरकरवाड्यात गेलो. ट्रॉलर किनाऱ्याला लागलेले, जाळी विणणारी माणसं सावलीत बसलेली, बर्फाच्या गाडीमागं पोरांचा ओरडा, लिलावात एकमेकींवर आवाज चढवणाऱ्या बायका. मला इतकं बरं वाटलं, की मी काही न घेता तिथं थोडा वेळ उभा राहिलो.

इब्राहीमभाईंची बायको, खतिजाभाभी, दारातच सुकट निवडत बसल्या होत्या. पुडकं उघडून त्यांनी कापड गालाला लावलं आणि म्हणाल्या, "एवडा उशीर? ह्या कापडाची फॅशन गेली असंल आता." आणि मोठ्याने हसल्या.

मी घाबरत विचारलं, "खोल्यांचं काय झालं?"

"खोल्या हायत तिथंच. आमच्या बाजूचा परवाच आला तिथनं, तो सांगत होता. न्हानी नवीन बांदलानी. माड खाली दारात लावलानी, त्याच्या बाजूला सायेबाची गाडी ऱ्हाते. हे बोलतात, दिल्लीतनं मागाहून कोन मोठो सायेब आला असंल, त्यानं केलान."

मी म्हटलं, "असेल."

"बसा, जेवून जावा." मग त्या थांबल्या. त्यांच्याही कानावर काहीतरी आलेलं होतं हे मला दिसलं. "तिथं ह्यांच्या हातचां जेवलाव नाय म्हने."

"नाही जेवलो," मी म्हटलं. सगळं सांगितलं. नियम, अहवाल, सेक्रेटरीसाहेबांचं आमंत्रण, माझ्या तोंडून गेलेला तो शब्द. इतके महिने कुणाला सांगितलं नव्हतं.

भाभी सुकट निवडत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "रांदलान काय होतान, तां तरी सांगा."

"बांगड्यांचं सार. अगदी आमच्या घरच्यासारखं. तिरफळं घातलेलं. वासावरूनच कळलं."

त्यांचे हात थांबले.

"तिरफळां?"

"हो. का?"

"आमच्याकडे तिरफळां घालत नायत. ह्यांना तर त्याचा वास पन खपत नाय. डोस्का दुखतां म्हनतात." त्या माझ्याकडे पाहात राहिल्या. "कुनाकडनं पैदा केलान असतील तिथं? बंदरावर कुना खलाशाकडनं मागून आनलान असतील."

आमच्या घरात बांगडा म्हणजे तिरफळ, ते उग्र वासाचं मसाल्याचं फळ, असणारच. त्यात मला काही वेगळं वाटलंच नव्हतं. ते सार त्यांच्या रोजच्या रांधण्यातलंच होतं, असं मी समजत होतो. ज्या वासाने स्वतःचं डोकं दुखतं तेच तिरफळ एका माणसाने शोधून आणून, उकळत्या भांड्यापुढं उभं राहून ते माझ्यासाठी केलं होतं, हे मला इथं, मिरकरवाड्यात, त्याच्या बायकोकडून कळत होतं. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

भाभी उठल्या. आतून ताट आलं, भात आणि सोड्याचं कालवण. त्यांच्या पद्धतीचं. मी हात धुतले आणि बसलो. पोटभर जेवलो. दुसऱ्यांदा भात मागून घेतला. उठताना भाभींना म्हटलं, "इब्राहीमभाई आले की त्यांना एवढंच सांगा. सुर्वे जेवून गेला."